डॉक्टरांची गाडी

गाडी जुनी झाली आणि इंजिनाने कुरकुर सुरू केली, की आपल्यापैकी बहुतेकांचा निर्णय पाच मिनिटांत होतो : ‘काढून टाकू.’ गॅरेजच्या फेऱ्या मारायला सवड नसते आणि रात्री-अपरात्री बोलावणे आले तर गाडी दारात सज्ज हवी असते. ही कारणे खोटी नाहीत. तरीही निदान झाल्याशिवाय गाडी विकू नये, आणि दोष झाकून तर मुळीच विकू नये, अशा मताला मी अनुभवाने आलो आहे. आपल्या व्यवसायाला हा नियम इतरांपेक्षा काकणभर अधिकच लागू पडतो, असेही मला वाटते.

गेल्या वर्षी मे महिन्यात गोव्याहून बेळगावला परतत होतो. केरी सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला आणि तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला. ‘माथ्यावर पोहोचलो की पाहू’ असे म्हणत मी गाडी तीन-चार किलोमीटर तशीच रेटली. एकशे चार ताप असलेल्या पेशंटने ‘गावी जाऊन बघू’ म्हटले असते, तर मी त्याला चांगलाच रागावलो असतो. इंजिनाचे हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. अतिउष्णतेने ते किंचित वाकते, खालचे गॅस्केट फुटते आणि पाणी, तेल व वायू आपापल्या वाटा सोडून एकमेकांत शिरतात. काटा वर गेल्याबरोबर गाडी थांबवणे हाच त्यावरचा प्रथमोपचार. तो मी केला नाही. दोष गाडीचा थोडा आणि माझा अधिक होता.

गाडी ओढून आणली. पहिल्या गॅरेजात बॉनेट उघडून पाहिले न पाहिले तोच निकाल मिळाला : ‘इंजिन गेले. दुसरे बसवायला नव्वद हजार, नाहीतर विकून टाका.’ पाठोपाठ एक एजंटही येऊन गेला. आहे त्या स्थितीत त्याने पंचेचाळीस हजार देऊ केले आणि वर एक सल्लाही दिला : “डॉक्टर, रेडिएटरमध्ये गळती बुजवायचं औषध ओतू, जाड ऑइल घालू, इंजिन धुऊन चकचकीत करू. महिनाभर काही कळत नाही. तुमची गाडी म्हटल्यावर गिऱ्हाईक डोळे झाकून घेतंय.”

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्याकडे पुढे येतोच.

आपण ज्याला दुसरे मत म्हणतो, ते घेण्यासाठी गाडी उद्यमबागेच्या बाजूला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. फौंड्री आणि मशीन शॉपचा वारसा असलेल्या आपल्या गावात धातूचे अंतरंग जाणणारी माणसे अजून आहेत. मिस्त्रींनी आधी धुराची चौकशी केली. पांढरा दाट धूर निघत राहिला तर पाणी जळते आहे, निळा निघाला तर ऑइल आणि काळा निघाला तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आहे. मग ऑइलचे झाकण उघडून आतून साय धरल्यासारखा पांढुरका थर दाखवला, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळले होते. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडला होता आणि ते मधले गॅस्केट फुटल्याचे लक्षण. मग सिलिंडरात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजले. अशा वेळी दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, न वाढला तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे आहे, असे समजतात. आमच्या गाडीत दोष मुख्यतः गॅस्केटचा निघाला. परंतु एका सिलिंडरच्या रिंगाही थकू लागल्या होत्या. या सगळ्याला अर्धा दिवस लागला आणि खर्च नाममात्र आला. हेडचे फेसिंग आणि नवे गॅस्केट मिळून चोवीस हजारांचा अंदाज त्यांनी दिला. रिंगांचे काम आज ना उद्या निघणार, हेही स्पष्ट सांगितले.

नव्वद हजार आणि चोवीस हजार यांतले अंतर ही त्या अर्ध्या दिवसाची किंमत.

निदान हाती आल्यावरच हिशेब मांडता येतो आणि तो फार अवघड नसतो. गाडी आहे तशी विकली तर काय येईल, दुरुस्त करून विकली तर काय येईल आणि दुरुस्तीला किती लागेल, एवढे तीन आकडे कागदावर लिहावेत. माझ्या बाबतीत दुरुस्तीनंतर, रिंगांचा दोष सांगूनही, लाखाच्या आसपास येतील असे दिसत होते. म्हणजे चोवीस हजार वजा जाऊनही पंचेचाळीसपेक्षा बरेच अधिक. गेल्या वर्षी घातलेले टायर आणि बॅटरी यांचा खर्च मात्र या कागदावर लिहू नये. ‘इतके घातले आहेत, आता कशी सोडू?’ या विचाराने माणूस बुडत्या गाडीत आणखी पैसे घालतो. गेलेला पैसा गेला. पुढचा तेवढा मोजावा.

चौथा प्रश्न गाडीच्या उरलेल्या आयुष्याचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाचे शुल्कही बरेच वाढले आहे. माझी गाडी बारा वर्षांची होती. दुसरे इंजिन बसवण्याचा सल्ला मिळाला तर इंजिनाचा क्रमांक आरसीमध्ये बदलून घ्यावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

आणि शेवटचा प्रश्न आपल्या गरजेचा. खानापूर भागात रात्री जाणे-येणे असलेल्या मला रिंगा थकलेल्या गाडीवर विसंबता येत नव्हते, म्हणून दुरुस्त करून विकण्याचे ठरवले. गावातल्या गावात वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर गाडी फिरवणाऱ्या सहकाऱ्याने तीच गाडी खुशाल ठेवून घ्यावी.

आता एजंटच्या त्या वाक्याकडे येतो. चंदगड तालुक्यातून अनेक वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एका पेशंटचा मुलगा गाडी पाहायला आला. बॉनेट न उघडताच त्याने एक लाख पस्तीस हजार देऊ केले. म्हणाला, “डॉक्टरांची गाडी आहे, बघायचं काय त्यात?” हा भाव गाडीचा नव्हता. त्याच्या वडिलांनी इतकी वर्षे माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला, त्याचा तो भाव होता.

येथे काही मित्र म्हणतात की, विकणाऱ्याने स्वतःहून दोष का सांगावा? घेणाऱ्याने पारखून घ्यावे. कायद्यातही या म्हणण्याला थोडा आधार आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ नुसार, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे. परंतु ठाऊक असलेली गोष्ट कृतीने झाकणे ही त्याच कलमानुसार फसवणूकच होय. आणि जाड ऑइल ओतणे म्हणजे दुसरे काय? शिवाय २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला बजावले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला पुरेसे सांगितल्याशिवाय त्याची संमती ही संमती ठरत नाही. दवाखान्यात हे पाळणाऱ्याने दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी ते विसरावे, हे मला पटत नाही.

मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद मी त्या मुलासमोर ठेवला. दोन दिवसांनी तो आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आला, गाडी तपासली आणि नम्रपणे नको म्हणाला. पुढे गावातल्याच एका निवृत्त गृहस्थांनी सारे ऐकून-वाचून ती एक लाखाला घेतली. पस्तीस हजार कमी आले, हे खरे आहे आणि ते मला थोडे लागलेही.

सीमाभागातील आपणा सर्वांना एक व्यावहारिक सूचना. आपली गाडी कर्नाटकात नोंदलेली आणि घेणारा पलीकडे महाराष्ट्रातला, असे येथे नेहमीच घडते. अशा वेळी ना-हरकत दाखला काढून गाडी त्याच्या नावावर झाल्याची खात्री करून घ्यावी. सही केलेले फॉर्म आणि किल्ली हातात देऊन मोकळे होऊ नये. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यातील गाडी २००७ मध्ये विकली गेली होती आणि त्यानंतरही अनेक हातांतून फिरली. २००९ मध्ये तिने अपघात केला तेव्हा नोंदणी मूळ मालकाच्याच नावे होती. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. गाडी एक्स्चेंजमध्ये देणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

तो चंदगडचा मुलगा परवा वडिलांना घेऊन आला होता. वडिलांना शस्त्रक्रियेचा सल्ला द्यायचा होता. मी तिचे फायदे-तोटे सांगत असताना त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी इतकेच म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही सांगितलंय ना, मग करू या.”

त्या वेळी त्याच्या डोळ्यांकडे पाहताना मला पस्तीस हजारांची आठवण झाली नाही.