अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत का केले होते?

ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायला सुरुवात केली. नेमकं कारण काय? 2019 मध्ये मिळालेल्या या टचस्क्रीन मोबाइलची रॅम फक्त 2 जीबी होती. फोन तापतो, हँग होतो आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जातो, अशी सेविकांची तक्रार होती. त्यात मार्च 2021 मध्ये आलेलं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप इंग्रजीत.

बीडसाठी हा प्रश्न जास्त गंभीर आहे. इथले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास सहा महिन्यांसाठी गाव सोडतात, सोबत लहान मुलंही जातात. मुलाची नोंद फोनमध्येच अडकली, तर कारखान्याजवळच्या अंगणवाडीला त्याचं आधीचं वजन कळणार कसं? म्हणूनच फोन कसा हवा, हे आधी तो रोज वापरणाऱ्या सेविकेला विचारायला हवं.