मायलेजच्या आकड्याखाली ऑइलचा आकडाही छापा

ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुणे या संस्थेस खुले पत्र

मा. संचालक आणि एआरएआयमधील अभियंते मंडळी,



पुणेकरांना आपली ओळख आधी पायाने होते. वेताळ टेकडीचा आपल्या बाजूचा चढ इथे 'एआरएआय टेकडी' म्हणूनच ओळखला जातो. बाकीच्या देशाला आपण ठाऊक आहात ते गाडीच्या जाहिरातीतल्या बारीक अक्षरांमुळे. 'गाडी देते किती?' या प्रश्नावर शोरूममधला विक्रेता जो आकडा फेकतो, त्याच्यामागे आपले नाव असते. ग्राहक कंपनीवर विश्वास ठेवो न ठेवो, 'एआरएआयचं मायलेज' म्हटले की त्याचा आवाज जरा खाली येतो.

त्या आकड्याचा एक भागीदार आहे आणि त्याचे नाव कुठेच छापलेले नसते. तो म्हणजे इंजिन ऑइल.

मायलेज रोलरवर मोजले जाते, ठरलेल्या चक्राप्रमाणे, गार इंजिनापासून सुरुवात करून. त्या वेळी इंजिनात निर्मात्याने नेमून दिलेलेच ऑइल असते. आजच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत ते ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे अगदी पातळ असते. वॉरंटी आहे तोवर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते. मग ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये येते. मेस्त्री डिपस्टिकचे टोक दोन बोटांत चोळतो आणि म्हणतो, "साहेब, हे तर पाणी आहे. आपल्याकडच्या उन्हात टिकायचं नाही. वीस-पन्नास टाकू." मालक मान डोलावतो. आपण ज्या गाडीला प्रमाणपत्र दिले ती गाडी त्या घटकेपासून वेगळी झालेली असते आणि कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

मेस्त्रींना दोष देण्यासाठी हे पत्र नाही. पद्मिनी आणि अँबेसेडरच्या इंजिनांवर ज्यांचा हात बसला, त्यांच्या उस्तादांनी त्यांना जाड ऑइलच शिकवले, आणि त्या इंजिनांना ते शोभतही होते. जाड ऑइल टाकले की टॅपेटचा आवाज दबतो. ऑइल खाणारी जुनी गाडी थोडी कमी खाते. कानाला आणि डोळ्यांना मिळालेला हा पुरावा खोटा नाही, अपुरा आहे. उरलेला पुरावा प्रयोगशाळेत आहे आणि प्रयोगशाळा आपली आहे.

डब्यावरचे दोन आकडे काय सांगतात, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या तक्त्यात ५डब्ल्यू ऑइलची गार इंजिन फिरवण्याची परीक्षा उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. महाबळेश्वर आणि निफाडच्या गारठ्याचे आपण कितीही कौतुक केले, तरी उणे १५ महाराष्ट्राने पाहिलेले नाही. गाडी सुरू होण्यापुरते बोलायचे, तर इथे यांतले कुठलेही ऑइल चालेल. ज्यांना हिवाळ्यात गाडी लडाखला न्यायची आहे, त्यांनी मात्र हा आकडा वाचूनच घाट चढावा.

तरीही पहिला आकडा इथे अगदीच निरुपयोगी ठरत नाही. पुण्यातल्या साध्या सकाळीही ऑइल गरम इंजिनाच्या मानाने कितीतरी दाट असते. ४० अंशांना वीस-पन्नासचा, म्हणजे २०डब्ल्यू-५० चा, दाटपणा साधारण १५० सेंटिस्टोकच्या वर असतो, ५डब्ल्यू-३० चा ६० ते ७०. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे ऑइल नीट तापायच्या आतच इंजिन बंद होते. पातळ ऑइलचा इंधनातला फायदा मुख्यतः याच वेळात मिळतो.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांना ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असेल तर ते २०, ९.३ ते १२.५ असेल तर ३०, १२.५ ते १६.३ असेल तर ४० आणि त्याच्यावर २१.९ पर्यंत ५०. 'आपल्याकडचं ऊन' हा मुद्दा इथे येतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ ला गेला म्हणून इंजिनातले ऑइल त्याच हिशेबाने तापत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कूलंटला नव्वदीच्या आसपास धरून ठेवतात, मग बाहेर नागपूर असो की नैनिताल. ऑइल खरे तापते ते भारामुळे: पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन चढलेला घाट, द्रुतगती मार्गावरचा सलग वेग, टर्बोचा धगधगता दांडा. त्यासाठी तक्त्यात वेगळी परीक्षा आहे. १५० अंशांना, बेअरिंगमधल्यासारख्या जबर घर्षणाखाली ऑइल किती दाट राहते, ते तिच्यात मोजतात. १६ ला किमान २.३ एकक लागतात, २० ला २.६, ३० ला २.९, ५डब्ल्यू-४० ला ३.५. गंमत अशी की १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दोघांनाही किमान अट एकच, ३.७. 'पन्नास म्हणजे हमखास जास्त संरक्षण' ही समजूत एवढ्या एका ओळीवर अडखळते.

पण हीच ओळ उलट बाजूनेही वाचायला हवी. ज्या इंजिनाचे बेअरिंग २.९ च्या हिशेबाने आखले, त्यात २.३ वाले ऑइल घालणे हा धोका आहे. म्हणूनच २०२० साली आलेल्या मानकांत ०डब्ल्यू-१६ साठी डब्यावरचे चिन्हसुद्धा निराळे ठेवले, जुन्या गाडीच्या मालकाने ते चुकून उचलू नये म्हणून. आपल्याकडे ते चिन्ह ओळखणारे गिऱ्हाईक किती आणि दुकानदार किती?

आता मिसळण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अंधश्रद्धा तिथे आहे. रात्री महामार्गावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. धाब्याशेजारच्या दुकानात आपली ग्रेड नाही, फक्त १५डब्ल्यू-४० आहे. एक जण सांगतो, "दोन ऑइलं एकत्र केलीत तर फाटतील." दुसरा सांगतो, "ऑइल ते ऑइल, ओता." दोघेही चूक. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या मान्यतेसाठी ऑइलला इतर ऑइलांत मिसळून न फुटण्याची परीक्षा द्यावी लागते. मिनरल आणि सिंथेटिक एकत्र आले म्हणून चेंबरमध्ये चोथा होत नाही. आणि कोरड्या इंजिनापेक्षा परक्या ग्रेडचे अर्धा लिटर केव्हाही बरे.

ते अर्धा लिटर किती फरक करते, हे कागदावर काढता येते. आंघोळीच्या बादलीत कढत आणि गार पाणी मिसळावे तसा सरळ सरासरीचा हिशेब इथे लागत नाही. दाटपणा लॉगरिदमच्या वाटेने बदलतो आणि मिश्रण पातळ बाजूकडे झुकते. समजा साडेतीन लिटरच्या चेंबरमध्ये १०० अंशांना ८ सेंटिस्टोकचे ०डब्ल्यू-२० आहे आणि त्यात १४ चे १५डब्ल्यू-४० अर्धा लिटर आले. मिश्रण सुमारे ८.६ ला बसते, म्हणजे अजून २० च्याच ग्रेडमध्ये. निम्मे-निम्मे केले तर साडेदहाच्या आसपास, म्हणजे गाडीत आपोआप ३० तयार. अडचणीतला टॉप-अप आणि सवयीची भेसळ यांतला फरक हा एवढा आहे.

मात्र या हिशेबाची हद्द गरम इंजिनापाशी संपते. मिश्रणाचा 'डब्ल्यू' आकडा कागदावर निघत नाही. थंडीतले वागणे त्यातल्या मेणावर आणि मेण रोखणाऱ्या रसायनांवर ठरते, ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते. दुसरे असे की ग्रेड म्हणजे फक्त दाटपणा. डब्यातला बराच जीव मिश्रद्रव्यांत असतो. बीएस-६ डिझेल गाडीच्या धूरगाळणीला कमी राखेचे ऑइल लागते. एसीईए या युरोपीय संघटनेच्या सी३ सारख्या वर्गात राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे. तिथे ट्रकसाठी आणलेले जुन्या वर्गाचे पंधरा-चाळीस वारंवार ओतले, तर ग्रेडचा हिशेब बरोबर येऊनही गाळणी हळूहळू चोंदते, आणि तिची किंमत ऐकून मालक खाली बसतो. टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगावर अवेळी होणारा स्फोट रोखण्यासाठी एपीआय एसपी वर्गात खास परीक्षा आहे. मोटरसायकलचे ऑइल ओल्या क्लचसाठी बनवलेले असते, कारच्या मायलेजसाठी नाही. मेस्त्रीच्या दोन बोटांना यांतले काहीच कळू शकत नाही, आणि कळावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

मग हे कळवायचे कोणी? कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, पण मॅन्युअल बहुधा इंग्रजीत आणि डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. त्यातही तक्त्यापेक्षा 'आमच्याच कंपनीचे अस्सल ऑइल वापरा' ही ओळ ठळक. काही गाड्यांत ऑइलच्या टोपीवर ग्रेड कोरलेली असते, वर्ग नसतो. ऑइल कंपन्या ज्याची जाहिरात करतात ते विकतात. उरता आपण.

लोकांच्या मनात एक शंका आहे आणि तिला उत्तर मिळायला हवे. 'पातळ ऑइल इंजिनासाठी नाही, कागदावरच्या मायलेजसाठी आणलंय,' असे गॅरेजमध्ये सर्रास बोलले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. २०२२-२३ पासून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आणण्याचे बंधन आले. तिथे पातळ ऑइलने मिळणारी शेकडा एक-दोनाची बचतही कंपनीला मोलाची. पण त्याच इंजिनांचे पंप, बेअरिंगच्या फटी आणि व्हॉल्व्हचे टायमिंग हलवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या ऑइलच्या हिशेबानेच आखलेल्या असतात, हेही खरे. कंपनीने हे सांगितले तर तो तिचा स्वार्थ ठरतो. आपण आकडे ठेवलेत तर वाद मिटतो.

म्हणून चार मागण्या.

पहिली. जिथे जिथे आपले मायलेज छापले जाईल, तिथे ते कोणत्या ग्रेडच्या आणि कोणत्या वर्गाच्या ऑइलवर मिळाले, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापणे सक्तीचे व्हावे.

दुसरी. बॉनेटच्या आतल्या बाजूला कायमचा स्टिकर असावा. कोणते इंधन, हे काचेवरच्या निळ्या-नारिंगी स्टिकरने सांगण्याची पद्धत देशात आलीच आहे. ऑइललाही तेवढा मान द्या. त्यावर पहिल्या पसंतीची ग्रेड, चालतील अशा पर्यायी ग्रेड, एपीआय किंवा एसीईए वर्ग आणि चेंबरचे माप असावे. एक ओळ टॉप-अपची असावी: अडचणीत कोणते ऑइल, जास्तीत जास्त किती, आणि त्यानंतर पूर्ण ऑइल केव्हा बदलायचे. हे सगळे इंग्रजीबरोबर राज्याच्या भाषेतही.

तिसरी. भरपूर खपणारी पाच-सहा इंजिने घ्या. नेमलेले ऑइल, एक पायरी जाड आणि थेट वीस-पन्नास, अशा तिन्हींवर ती चालवून इंधन, ऑइलचे तापमान आणि झीज यांचे आकडे जाहीर करा. जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनाला एक पायरी जाड ऑइल खरोखर मानवते असे निघाले, तर तेही मोकळेपणाने सांगा. मेस्त्रींचा अनुभव बरोबर ठरला तर त्यांना त्याचे श्रेय मिळायला हवे.

चौथी. आपली अकॅडमी अभियंत्यांना शिकवते. तिथेच गॅरेजवाल्यांसाठी मराठीतून एक दिवसाचा वर्ग घ्या, रविवारी नको, त्या दिवशी त्यांच्याकडे गर्दी असते. डब्यावरची चिन्हे कशी वाचायची आणि कोणत्या गाडीत काय ओतायचे नाही, एवढेच शिकवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गाड्यांचे आरोग्य कंपन्यांच्या नव्हे, त्यांच्या हातात आहे.

वाहनांची एआयएस मानके ज्या समितीत ठरतात तिचे सचिवालय आपल्याकडे आहे. मसुदे निघतात, हरकती-सूचना मागवल्या जातात. पहिल्या दोन मागण्यांची सुरुवात एका मसुद्याने होऊ शकते. हे पत्र त्यावरची पहिली सूचना म्हणून नोंदवून घ्यावे आणि तिला आवक क्रमांक द्यावा, ही विनंती.

आपला,
टेकडीच्या पायथ्याचा एक गाडीमालक