ग्रहीय? यात ग्रह कुठेय?

मरणाऱ्या ताऱ्याचा रंगीबेरंगी फोटो आला की खाली हमखास लिहिलेलं असतं, 'ताऱ्याचा स्फोट!!' थोडं वाचलेला माणूस 'ग्रहीय तेजोमेघ' असं लिहितो. दोन्ही चूक. पहिली अज्ञानाची, म्हणून माफ. दुसरी निव्वळ आळसाची.

ग्रहाचा इथे काडीचा संबंध नाही. १७८०च्या दशकात विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून फिकट, गोल बिंबं दिसली. ग्रहांसारखी वाटली, नाव पडलं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने त्यातल्याच 'कॅट्स आय'चा वर्णपट पाहिला आणि हा चक्क चमकणारा वायू आहे हे कळलं. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं झाली की राव! आमच्या कोडमध्येही चुकीच्या नावाचं एखादं जुनं व्हेरिएबल असतं, भीतीपोटी कुणी हात लावत नाही. पण म्हणून कुणी त्याचं मराठी भाषांतर करत बसत नाही. आपल्याकडे 'बिंबाभ्रिका' असा झकास शब्द असताना इंग्रजीतली चूक उसनी कशाला आणायची?

आता स्फोट. सूर्याच्या एक ते आठपट वस्तुमानाचे तारे साधारणपणे असे फुटत नाहीत, झिजतात. म्हातारपणी फुगलेल्या ताऱ्याचे बाहेरचे थर सेकंदाला १०-२० किलोमीटरने सुटत जातात (खगोलाच्या हिशेबात हे रमतगमतच). उघडा पडलेला गाभा तापत तापत तीस हजार अंशांच्या वर गेला की त्याच्या अतिनील किरणांनी आधी सोडलेला वायू उजळतो. शिवाय गाभ्याकडून सेकंदाला हजारेक किलोमीटरचा वारा सुटतो, तो पुढच्या संथ वायूला मागून गाठतो आणि दाबून त्याचं कवच बनवतो. सन क्वोक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही कल्पना. दहा-वीस हजार वर्षांत सगळं विरतं, मागे श्वेत बटू.

कुणी म्हणेल, बऱ्याचशा गोल नसतातच, फुलपाखरासारख्या असतात, मग 'बिंब' तरी कुठे बरोबर? मान्य. अनेकदा जोडीदार तारा आकार बिघडवतो. २०२२ मध्ये जेम्स वेबने 'सदर्न रिंग'चा फोटो काढला, त्यात मधोमध दोन तारे दिसतात आणि हा सगळा पसारा त्यातल्या मंद, धुळीत दडलेल्या ताऱ्याचा आहे. पण 'बिंब' निदान दुर्बिणीत काय दिसलं ते तरी सांगतं. 'ग्रहीय' ऐकून माझ्या टीममधले चांगले शिकलेले लोक विचारतात, यातून ग्रह तयार होतात का रे?