बहिष्कार टाकणे सोपे, टिकवणे अवघड

आंबिवली स्टेशनवरून मोहन्याकडे गेले की एन.आर.सी.चा कारखाना लागतो. २००९ पासून तो बंद आहे. हक्काच्या देण्यांसाठी तिथल्या कामगारांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. हे बघत कार्यकर्ते झालेल्या आम्हाला एकच प्रश्न सतावतो: मालक ऐकतच नसेल, तर कामगाराच्या आणि समाजाच्या हातात उरते काय?

आजकाल याचे उत्तर मोबाइलवर तयार मिळते. "अमक्याच्या मालावर बहिष्कार टाका!" चार दिवस मेसेज फिरतो आणि पाचव्या दिवशी तोच माल आपल्या घरात येतो. म्हणून आज दहा वर्षे चाललेल्या एका बहिष्काराची गोष्ट सांगतो. ती अमेरिकेतली आहे आणि एका बिअर कंपनीची आहे. पंचशील पाळणाऱ्या आम्हाला बिअरशी देणेघेणे नाही. धडा मात्र आपल्या कामाचा आहे.

ॲडॉल्फ कूर्स हा जर्मनीतला पोरका मुलगा. डॉर्टमुंडच्या कारखान्यात तो बिअर बनवायला शिकला आणि १८६८ मध्ये जहाजात लपून, तिकीट न काढता अमेरिकेला पोचला. १८७३ मध्ये कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी त्याने जेकब शूलरच्या भागीदारीत कारखाना काढला. भांडवलातले १८ हजार डॉलर शूलरचे, २ हजार कूर्सचे. १८८० मध्ये तो एकटा मालक झाला. १९१६ मध्ये कोलोरॅडोत दारूबंदी आली, तेव्हा माल्टेड दूध आणि चिनी मातीच्या वस्तू विकून कारखाना तगला.

विनातिकीट आलेल्या या स्थलांतरिताचा नातू जोसेफ कूर्स. त्याने १९७३ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेच्या उभारणीला अडीच लाख डॉलर दिले. बिअरचा पैसा असा थेट राजकारणात उतरला. इकडे कारखान्यात नोकरी मागणाऱ्याला खोटे पकडण्याच्या यंत्रावर बसवून खासगी प्रश्न विचारले जात. मेक्सिकन वंशाच्या आणि काळ्या लोकांना कामावर घेताना भेदभाव होतो, असा आरोप होता. म्हणून मेक्सिकन वंशाच्या संघटनांनी १९६० च्या दशकातच बहिष्कार पुकारला होता.

पण तो खरा पसरला तो युती झाल्यावर. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत बिअर पोचवणाऱ्या ट्रकचालकांचा वितरकांशी झगडा चालू होता. त्यांचे नेते ॲलन बेअर्ड समलिंगींचे कार्यकर्ते हार्वे मिल्क यांच्याकडे मदतीला गेले. मिल्क यांनी उलट अट घातली: आम्ही आमच्या वस्तीतल्या बारमधून कूर्स हटवतो, पण तुमच्या ट्रकवर आमच्या माणसांना काम मिळाले पाहिजे. युनियनने ती मानली. ज्यांना युनियनने आजवर दारात उभे केले नव्हते, ते तिच्या लढ्यात आले.

इथे आम्हाला मुंबईच्या गिरण्या आठवतात. विणकाम खात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्यांना बंदी. जास्त मजुरीचे काम सवर्णांना, कमी मजुरीचे आम्हाला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावले की ही मागणी घ्या, नाहीतर आमचे कामगार संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांनी काय उत्तर दिले? हा अन्याय आम्ही केलेला नाही! मिल्क यांनी घातलेली अट बाबासाहेबांनी साडेचार दशके आधी घातली होती. फरक इतकाच की तिकडच्या पुढाऱ्याने ती मनापासून स्वीकारली. १९३८ मध्ये मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून.

आता कूर्सचा शेवट ऐका. एप्रिल १९७७ मध्ये गोल्डनच्या कामगारांनी संप केला आणि देशभरच्या कामगार महासंघाने बहिष्कार पुकारला. कंपनीने बदली कामगार भरले. डिसेंबर १९७८ मध्ये मतदान घेऊन युनियनच काढून टाकण्यात आली. बहिष्कार मात्र चालू राहिला. त्याच्या दबावाने कंपनीला अल्पसंख्याक संघटनांशी करार करावे लागले, ते यंत्रही बंद करावे लागले. १९८७ मध्ये बहिष्कार उठला. पण पुढच्याच वर्षी युनियन हवी की नको यावर मतदान झाले, तेव्हा गोल्डनच्या कामगारांनी 'नको' म्हटले. बाहेरचा बहिष्कार मालकाला झुकवू शकला, आत तुटलेली संघटना मात्र जोडू शकला नाही.

काही मित्र म्हणतील, आपल्या गरीब समाजाच्या खरेदीने कोणाचे काय बिघडणार? बहिष्कार काय करू शकतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. गावाने विहीर, दुकान, मजुरी बंद केली की आमची माणसे कशी मोडतात, हे १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात नोंदलेले आहे. त्या समितीत बाबासाहेब स्वतः होते. गावाचा तो बहिष्कार चालला, कारण त्यामागे गावाची एकजूट होती. आमचा टिकत नाही, कारण आमच्यामागे फक्त मेसेज असतो.

तेव्हा पुढच्या वेळी बहिष्काराचा मेसेज पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. आपली मागणी नेमकी कोणती? त्या कारखान्यातले कामगार आपल्यासोबत आहेत का? आणि त्यांच्या युनियनमध्ये आपल्या सफाई कामगाराचा, ठेक्यावरच्या पोराचा प्रश्न मागण्यांच्या यादीत आहे का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर काम तिथूनच सुरू करा.

जय भीम!