घरची बंदूक, पण कायद्याची

भुसावळ तालुक्यांतील कित्येक वृद्ध बागाईतदार केळीच्या राखणीची परवान्याची बंदूक मुलाच्या हवालीं करून निश्चिंत होतात. घरच्या घरांत देण्यास परवानगी कसली, ही समजूत घातक आहे. सन १९५९ च्या शस्त्र कायद्यांत फुकट देणें वा उसनवार देणें हेंही हस्तांतरच होय. घेणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना हवा. शिवाय जिल्हा दंडाधिकारी अगर जवळचें पोलीस ठाणें यांस लेखी कळवून ४५ दिवस थांबलें पाहिजे. नाहींतर बापलेक दोघेही गुन्हेगार ठरतात. सन २०१६ च्या नियमांप्रमाणें परवानेदारास ७० वर्षें पुरीं झाल्यावर, किंवा बंदूक २५ वर्षें बाळगल्यावर, त्याच्या हयातींतच वारसास परवाना मागतां येतो. आमचें मत असें कीं, बागाईतदारांनीं हा अर्ज वेळींच जळगांवीं पोंचवावा. आणि अधिकाऱ्यांनींही तो महिनोन्‌महिने पडून ठेवूं नये. नियम पाळणारास ताटकळत ठेवणें म्हणजे नियम मोडण्यास शिकविणेंच होय.