कोरड्या बोअरचा हिशेब

बँकेच्या नोकरीत असताना बीड जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने बोअरसाठी कर्ज घेतले होते. पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली. दोनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडाली. "साहेब, अजून पन्नास फूट गेलो असतो तर लागलं असतं," असे म्हणत त्याने सावकाराच्या पैशांतून दुसरा बोअर घेतला. तोही कोरडा गेला. मी नियमाप्रमाणे वसुलीची नोटीस काढली. ती नोटीस आजही मनातून जात नाही.

जमिनीच्या पोटातले धन शोधणे हा जुगार खराच. पण तो शहाणपणाने खेळता येतो. मुंबईजवळच्या समुद्रात 'सागर सम्राट'ने १९७४ साली तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याआधी, साठच्या दशकातच, कंपनलहरी सोडून समुद्रतळाची पाहणी झाली होती. तेलाच्या धंद्यात आधी स्वस्त पाहणी, मग महागडी विहीर, हा क्रम असतो. काही विहिरी कोरड्या जाणार हे गृहीत धरूनच पैसा बाजूला काढतात. आधी किती खर्च झाला, एवढ्यासाठी कोणी पुढे खोदत नाही.

आता समजा, दहांपैकी चार बोअरना पाणी लागते. दहा बोअर घेणाऱ्याचे गणित जमेल. आपल्या शेतकऱ्याला मात्र एकच डाव खेळता येतो. तो फसला की घर बसते. शिवाय बोअरच्या गाडीवाल्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात, मग पाणी लागो वा धूळ उडो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी बहुधा वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांत असते. नुसते खोल गेल्याने ते वाढतेच असे नाही.

यावर उपाय आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात १९७२ पासून आहे. कर्ज मंजूर करण्यापूर्वी जागेची शास्त्रीय पाहणी सक्तीची करावी. प्रत्येक कर्जातून थोडी रक्कम काढून कोरड्या बोअरसाठी सामाईक निधी उभारावा. पाहणीने नशीब बदलत नाही, पण चुका कमी होतात. आणि उरलेली चूक दहा जणांत वाटली तर एकाचे घर वाचते.

तेल कंपनी आपला तोटा अनेक विहिरींत वाटून घेते. तेवढी सोय कोरडवाहू शेतकऱ्यालाही मिळायला नको काय?