विचारायचे कुणाला?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरूही झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके. सहा हजार तीनशेहून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्था आणि त्यांतले जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. जी नियतकालिके आजवर मोजक्या श्रीमंत संस्थांनाच परवडत, ती आता तालुक्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयातही संगणकावर उघडतील. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. वर्गणीची यादी कापता कापता ज्यांची हयात गेली, त्या माझ्यासारख्या ग्रंथालयीन सेवकाला तर त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण या सगळ्या आकड्यांत एक आकडा कुठेच नाही. या तेरा हजार नियतकालिकांतले आपल्या कामाचे नेमके कोणते, ते शोधायचे कसे, सापडलेले विश्वासार्ह की टाकाऊ, हे विद्यार्थ्याने विचारायचे कुणाला? विचारल्यावर उत्तर देणारी किती माणसे विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आज उरली आहेत? दार उघडले ही गोष्ट खरी. पण दाराशी कुणी बसलेले आहे की नाही, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलामागे मी नोकरीची बरीच वर्षे काढली. ग्रंथालय म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो देवघेव विभाग: पुस्तक घ्यायचे, शिक्का मारायचा, उशीर झाला तर दंड भरायचा. संदर्भ विभागाचे काम याहून वेगळे. तिथे वाचक पुस्तक मागायला येत नाही, प्रश्न घेऊन येतो. आणि ग्रंथालय जिवंत आहे की नुसते गोदाम आहे, हे त्या प्रश्नाचे पुढे काय होते यावरच ठरते.

रंगनाथनांचा धडा

हा विचार आपल्याला परका नाही. जानेवारी १९२४ मध्ये शियाळी रामामृत रंगनाथन नावाचे गणिताचे एक अध्यापक मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्या कामात त्यांचा जीव रमेना. पुन्हा वर्गावर जावे असेच त्यांना वाटत होते. पुढे ते इंग्लंडला गेले, लंडनमध्ये ग्रंथालयशास्त्र शिकले, तिथली अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली आणि परतले ते वेगळी दृष्टी घेऊन. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे प्रसिद्ध केली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आज ही सूत्रे ग्रंथालयांच्या भिंतींवर चौकटीत टांगलेली असतात. भिंतीवरून खाली उतरून ती टेबलापर्यंत क्वचितच पोचतात.

रंगनाथनांच्या लेखी संदर्भ सेवा हा ग्रंथालयाच्या सगळ्या खटाटोपाचा कळस होता. खरेदी, वर्गीकरण, तालिका हे सगळे कशासाठी? तर समोर आलेल्या एका माणसाची त्याच्या ग्रंथाशी गाठ घालून देण्यासाठी. त्यांनी या सेवेचे दोन भाग पाडले: हातासरशी देता येणारे उत्तर आणि चिकाटीने, प्रसंगी दिवसेंदिवस शोधून द्यावे लागणारे उत्तर. पहिल्याला कोश पुरतात. दुसऱ्याला माणूस लागतो.

प्रश्नामागचा प्रश्न

माणूस का लागतो, ते एका उदाहरणाने सांगतो. एकदा एक मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. ‘सर, शेतीवरचे पुस्तक आहे का?’ आता शेतीवरची पुस्तके मांडणीच्या एका पूर्ण रांगेत होती. ती रांग दाखवून मोकळे होता आले असते आणि बहुतेक ठिकाणी तेच होते. मी विचारले, ‘शेतीतले नेमके काय पाहिजे?’ तो म्हणाला, ‘जमिनीचे.’ ‘मातीचे की मालकीचे?’ तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. त्याचे आजोबा कूळ म्हणून जमीन कसत आणि त्या जमिनीचा वाद घरात अजून चालू होता. त्याला स्वतःलाच कायदा वाचून पाहायचा होता. म्हणजे त्याला हवा होता १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’मुळे कुळांच्या हक्कांत काय बदलले, याची माहिती. ‘शेतीवरचे पुस्तक’ या दोन शब्दांच्या मागणीच्या पोटात एका घराची तीन पिढ्यांची चिंता होती.

अमेरिकेतील रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये एका निबंधात हेच शास्त्रशुद्धपणे मांडले. वाचकाच्या मनातली गरज आधी अस्फुट असते, मग ती त्याला स्वतःला जाणवते, मग तो तिला शब्द देतो. आणि टेबलापाशी येईतो ‘ग्रंथालयात काय मिळू शकेल’ या अंदाजाने तो तिला कापूनछाटून लहान करतो. आपल्या कानावर येतो तो हा शेवटचा, छाटलेला प्रश्न. संदर्भ ग्रंथपालाचे कसब उत्तर देण्यात नंतर. आधी मूळ प्रश्नापर्यंत मागे जाण्यात आहे.

आपल्याकडे या छाटणीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे संकोच. प्राध्यापकाच्या, वकिलाच्या घरातला मुलगा अडला तर घरीच विचारतो. ज्याच्या घरात विद्यापीठाची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याला विचारायला घरी कुणी नसते. भव्य इमारत, इंग्रजी पाट्या आणि खिडकीमागचा त्रासिक चेहरा पाहून तो प्रश्न गिळतो आणि निमूटपणे अभ्यासिकेत जाऊन बसतो. आज आपल्या कित्येक ग्रंथालयांच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी पहाटेपासून भरलेल्या असतात. ती मुले घरून आणलेली पुस्तके वाचतात. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते ती फक्त खुर्ची, दिवा आणि पंखा. गर्दी दिसते म्हणून व्यवस्थापन खूश असते. पण चार भिंतींच्या आत लाखो ग्रंथ आणि शेकडो वाचक असूनही त्यांची गाठच पडत नसेल, तर त्या गर्दीला ग्रंथालयाचा वापर कसा म्हणावा?

‘नाही’ म्हणण्याची सवय

प्रश्नाइतकीच विनंतीचीही गोष्ट आहे. अमुक पुस्तक मागवा, दुसऱ्या ग्रंथालयातून आणून द्या, या प्रकरणाची छायाप्रत मिळेल का, अशा विनंत्या रोज येतात. आणि आपल्या यंत्रणेची पहिली प्रतिक्रिया असते, ‘नाही’. याचे मूळ सेवकांच्या स्वभावात शोधू नये. वार्षिक पडताळणीत एखादे पुस्तक कमी भरले तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो. वाचक विन्मुख गेला तर कुणीच जाब विचारत नाही. मग माणूस पुस्तक सांभाळील की वाचक?

छायाप्रतींचेच पाहा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ व दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील छायाप्रतींचे एक दुकान यांच्यावर दावा लावला. अभ्यासक्रमासाठी निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून त्यांचे गठ्ठे विद्यार्थ्यांना विकले जात होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण शिक्षणाच्या कामासाठी अशा प्रती काढता येतात हे तत्त्व उचलून धरले. आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. इतका मोठा निवाडा होऊनही कित्येक खिडक्यांवरचे उत्तर बदललेले नाही. कायदा काय म्हणतो हे त्या खिडकीमागच्या माणसाला कुणी समजावूनच सांगितलेले नसते. ‘नाही’ म्हटले की आपण सुरक्षित, एवढेच त्याला ठाऊक.

नसलेल्या ग्रंथांच्या मागण्या

आता या सगळ्यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले आणि प्रश्न विचारायला संकोचणाऱ्या मुलाला एक न थकणारा, न रागावणारा उत्तरदाता मिळाला. यात त्या मुलाचा काही दोष नाही. जिथे माणूस नीट बोलत नाही, तिथे तो यंत्राशी बोलणारच. पण हे यंत्र माहीत नसले तरी गप्प बसत नाही. लेखकाचे नाव खरे, नियतकालिकाचे नाव खरे, वर्ष आणि पृष्ठांकही ठसठशीत. आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे संदर्भ ते सहज रचून देते. अशा याद्या घेऊन येणारे वाचक आता जगभरच्या ग्रंथालयांना परिचयाचे झाले आहेत. माझे धाकटे सहकारीही तेच सांगतात. नसलेला लेख शोधण्यात अर्धा दिवस जातो, आणि तो नाही हे वाचकाला पटवण्यात उरलेला अर्धा.

हे केवळ विद्यार्थ्यांचे होते असे नव्हे. मे २०२५ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ या नामांकित दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी पंधरा पुस्तकांची शिफारस छापून आली. लेखक सगळे खरे, पण त्यांतील दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. यादी यंत्राने केली होती आणि ती कुणी तपासली नव्हती.

अशा वेळी संदर्भ विभागाची जुनी हत्यारे अचानक नवी वाटू लागतात. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती पाहण्याची सवय असलेला ग्रंथपाल एकोणिसाव्या शतकातले म्हणून पुढे केलेले बनावट नाव पाहताच शंका घेतो. केतकरांचा ज्ञानकोश, मोल्सवर्थचा शब्दकोश, मुंबई इलाख्याची गॅझेटियर यांतले काय कुठे सापडेल आणि कशावर किती भरवसा ठेवावा, हे ज्याला ठाऊक, तोच यंत्राच्या उत्तराची पारख करू शकतो. माहिती दुर्मीळ होती तेव्हा ग्रंथपाल ती मिळवून देत असे. आज ती उदंड आहे, म्हणून ती पाखडून देणारा हवा. सूप लागते ते धान्याची रास पडल्यावरच.

करता येण्याजोगे

मग करायचे काय? पहिली गोष्ट, रिक्त जागा भरायच्या. निवृत्त झालेल्याची खुर्ची वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, तिथे कंत्राटी माणूस आणून बसवायचा आणि तो कामात मुरेतो त्याची मुदत संपवायची, या रीतीने संदर्भ सेवा उभी राहत नाही. ती अनुभवाने येते आणि माणसाबरोबर निघून जाते.

दुसरी गोष्ट, प्रश्नांची नोंदवही ठेवायची. आम्ही अशी वही ठेवत असू. विचारलेला प्रश्न, पाहिलेली साधने, मिळालेले उत्तर किंवा न मिळाल्याची नोंद. त्यावरून संग्रहात काय कमी आहे ते कळते, आणि पुढच्या माणसाला तोच शोध पहिल्यापासून करावा लागत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतील हर्नन व मॅक्ल्युअर या अभ्यासकांनी ग्रंथालयांना न सांगता प्रश्नकर्ते पाठवून पाहिले. बरोबर उत्तरे मिळाली ती सुमारे ५५ टक्के. सुसज्ज ग्रंथालयांची ही स्थिती. ती लपवण्याऐवजी त्यांच्या व्यवसायाने त्यावर वर्षानुवर्षे वाद घातला. आपल्या अहवालांत मात्र ग्रंथसंख्या, खर्च आणि प्रवेशद्वारातून आत आलेल्यांची संख्या एवढेच असते. किती जणांनी विचारले आणि किती जणांचे समाधान झाले, हा रकाना कधी छापला जाणार?

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त. प्रवेशद्वारातून शिरताच समोर दिसेल असे एक टेबल, त्यावर मराठीत ‘येथे विचारा’ अशी पाटी आणि मागे शिकलेला, हसतमुख माणूस, संध्याकाळीसुद्धा. उत्तर सापडले नाही तर ‘इथे इथे पाहिले, मिळाले नाही, आता अमुक ठिकाणी विचारा’ असे सांगणारा. ‘सापडले नाही’ हे प्रामाणिक उत्तर देण्याचे धैर्य यंत्रापाशी अजून पुरेसे आलेले नाही. माणसापाशी ते असू शकते.

सहा हजार कोटींनी नियतकालिके येतील. त्यांच्याशी वाचकाची गाठ घालणाऱ्या माणसावर त्या मानाने फारच थोडा खर्च येईल. पण तो केला नाही, तर पहिला खर्च निम्मा वाया जाईल. ज्यांना घरी विचारायला कुणी आहे, ते तरून जातील. बुडतील ते नेहमीचेच.

आपल्यापैकी अनेकांची मुले विद्यापीठात, महाविद्यालयात शिकत असतील. आज ती घरी असतील तर त्यांना एवढेच विचारून पाहा: ग्रंथालयात शेवटचा प्रश्न कधी विचारलास, आणि काय उत्तर मिळाले? बहुतेक मुले गोंधळून पाहतील. तिथे काही विचारायचे असते, हेच त्यांना कुणी सांगितलेले नसेल.